कुंपणावरची घाणवेल

भुलाबाईची खिरापत ओळखायची तर अर्धं काम कानाचं आणि अर्धं नाकाचं. भादव्याच्या पौर्णिमेला मातीचे भुलाबाई-भुलोजी घरात बसले की कोजागिरीपर्यंत आम्ही पोरी रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरायचो. गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा पुढ्यात आणून ठेवायची. आत काय आहे ते ओळखा आणि मगच खा. मग डबा हलवून बघायचा. खुळखुळलं तर फुटाणे, धपधप वाजलं तर लाडू, काहीच वाजलं नाही तर शिरा नाहीतर वाटली डाळ. तेवढ्यानं नाही जमलं तर झाकणाच्या फटीला नाक लावायचं. रिसोडच्या वेशीबाहेर आमची माळ्यांची दहा-बारा घरं, आणि त्यातल्या प्रत्येक घरची खिरापत आम्ही पोरींनी कधी ना कधी ओळखली. एकच घर सोडून. ते घर माझ्या आईचं, प्रयागबाईचं.

त्याचं कारण आमच्या मळ्याच्या कुंपणावर होतं. तिथे एक वेल होती, अजून आहे. दिसायला अगदी गरीब गाय. पान विड्याच्या पानासारखं, पण लहान. पावसाळा सरता सरता तिला पांढऱ्या, इवल्या घंटांसारखी फुलं येतात आणि फुलाचा गळा आतून वांग्याच्या रंगाचा असतो. नवखा माणूस थांबून बघतो आणि म्हणतो, किती छान. तो पान चुरगळत नाही तोवर सगळं छानच असतं. चुरगळलं की असा वास सुटतो की शेजारी उभ्या असलेल्या सख्ख्या भावावर संशय यावा. पुस्तकात तिला प्रसारणी म्हणतात म्हणे. आमच्याकडे तिचं नाव घाणवेल, आणि कोणी तिची बदनामी केली असं मला तरी वाटत नाही.

ती बाबांनी आणली. बाबा म्हणजे बापूराव, जन्मभर वाफ्यात उकिडवं बसून भाजी पिकवणारा माणूस, त्यामुळे त्यांचे गुडघे लवकर गेले. कोणीतरी सांगितलं, पोहरादेवीच्या जत्रेत एक वैदू बसतो, त्याच्याकडे दुखण्यावरची वेल मिळते, पाला उकळून शेकायचं. बाबा गेले आणि वेलीचा तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून, बगलेत मारून एसटीत बसले. जत्रेची गर्दी होती. लोकांनी रेटलं, बगलेतला पाला चुरगळला आणि मानोऱ्याच्या अलीकडेच गाडीत जे काही सुटलं म्हणता! माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एका म्हाताऱ्याला त्याच्या सुनेनं सगळ्यांदेखत विचारलं, “मामाजी, पोट बिघडलं का तुमचं?” म्हातारा शपथा घेतो आहे, कंडक्टर खिडक्या उघडा म्हणून ओरडतो आहे, आणि आमचे बाबा सगळ्यांबरोबर नाक दाबून, चेहरा पाडून बसलेले. वाशिमला उतरल्यावर त्यांनी त्या म्हाताऱ्याला चहा पाजला, पण कशाबद्दल ते सांगितलं नाही.

गुडघे काही बरे झाले नाहीत, वेल मात्र कुंपणभर झाली. आई आधी तिच्या नावानं बोटं मोडायची. मग एका भुलाबाईला तिच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, तिनं खिरापतीचा पितळी डबा बाबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधला आणि फडक्याला घाणवेलीचा पाला चोळला. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरी नाक लावायला पोरी पुढे येईनात, आणि ज्या आल्या त्या पदराआड ओकारी दाबत मागे पळाल्या. पोरींचं एक ठीक होतं, त्या हरल्या तरी खायला मिळायचं. खरी लढाई दुसरीच होती.

कुंपणाच्या पलीकडचा मळा कस्तुराबाईंचा. मी त्यांना मावशी म्हणते. आई आणि मावशी एकाच साली लग्न होऊन इथे आल्या. रिसोडच्या बाजारात शेजारीशेजारी पोती अंथरून बसायच्या, गिऱ्हाइकावरून कडाकडा भांडायच्या आणि दुपारी एकाच फडक्यावर भाकरी सोडायच्या. मावशींचं नाक साऱ्या बाजारात प्रसिद्ध. कांद्याच्या थप्पीतलं कुठलं पोतं आतून सडायला लागलं ते त्या नुसत्या बाजूनं जाताना सांगायच्या. व्यापारी त्यांना बोलावून न्यायचे. आमच्या घरी काय शिजतं आहे हे आम्हाला ताटावर बसल्यावर कळायचं, त्यांना कुंपणापलीकडून आधीच कळलेलं असायचं. अशा बाईला एका डब्यातला जिन्नस ओळखता येऊ नये म्हणजे काय!

दर कोजागिरीला, पोरी खाऊन पांगल्या की आई दुसरा एक डबा बाहेर काढायची. तो खास मावशींसाठी असायचा. नियम एकच, नाव एकदाच घ्यायचं. मावशी डबा हलवायच्या, फडक्याला नाक लावायच्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत वास घ्यायच्या, आणि चुकायच्या. मग आई ओसरीवरूनच ओरडायची, “हरली व कस्तुरा, हरली!” ते पुढे दिवाळीपर्यंत चालायचं. वांगी तोडताना, पाणी देताना, मधेच कुंपणावरून, “हरली!”

“माह्या नाकाले काई नाई झालं,” मावशी उलट ओरडायच्या, “तुही नियतच सडकी हाय!”

एवढं असून, दिनेश, म्हणजे माझा भाऊ, जन्मला तेव्हा आईला बाळंतपणाचे मेथीचे लाडू कोणी करून घातले? मावशींनीच. आईची आई आधीच वारली होती, माहेरी करणारं कोणी नव्हतं. मावशी स्वतःचं पोर पाठीशी टाकून चुलीपुढे बसल्या आणि तुपात मेथी परतायला घेतली. मी तेव्हा एवढीशी होते, पण तो कडू-गोड, खरपूस वास मला आजही आठवतो. साऱ्या मळ्यावर पसरला होता. आई बाजेवर उठून बसली आणि म्हणाली, “आली व माही माय.” नंतर तिनं असं काही म्हटल्याचं कधीच कबूल केलं नाही.

तर यंदाची गोष्ट. कोजागिरीच्या आधी आईचा वाशिमला फोन आला. मी वाशिमला राहते, शिवणकाम करते. दसरा-दिवाळीत मान वर करायला फुरसत नसते हे आईला पक्कं ठाऊक, म्हणून ती काम नेमकं तेव्हाच सांगते.

“बेबे, मेथीचे लाडू करून आण. डबाभर.”

“कायले? तुही सून करून देत नाई का?”

“इतं केले तं त्या बाईले वास नाई जात का कुंपणातून? अक्कल हाय का तुले?”

मग बाकीचं कळलं. मावशी चालल्या होत्या. त्यांचा विनोद पुण्याकडे कंपनीत आहे. मावशींचे गुडघे आता उठू देत नाहीत, घरी एकट्या, रात्री-बेरात्री पडल्या तर कोण? विनोदनं मळा बटाईनं देऊन टाकला होता आणि कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन त्यांना न्यायला येणार होता. सामान बांधून झालं होतं. म्हणजे ही शेवटची कोजागिरी, शेवटचा डबा, आणि मावशी आजवर एकदाही जिंकलेल्या नाहीत.

“माय,” मी म्हटलं, “आता कायमची जाऊन राह्यली ते. या वेळी पाला नको चोळू. एक डाव जिंकू दे न तिले.”

“काहून? खेळ हाय का खैरात हाय?” आणि फोन ठेवून दिला.

मला इतका राग आला की मेथी थोडी जास्तच परतली गेली. म्हातारपणी माणूस पिकतं म्हणतात, आमची आई कच्चीच राहिली असं मी दर लाडवागणिक म्हणत होते. तरी लाडू चांगले झाले. डबा कापडात गुंडाळून, वर साड्या टाकून पिशवीच्या तळाशी ठेवला आणि कोजागिरीला दुपारी एसटीनं रिसोडला उतरले.

फाटकातून आत गेले तेव्हा मावशी पलीकडे खुर्ची टाकून बसल्या होत्या. “आली का बेबी?” म्हणाल्या. मी पिशवी लगबगीनं दुसऱ्या बाजूला घेतली. कुंपणावर वेल फुलली होती, आणि दिनेशची मुलगी वैष्णवी, जी शेतकी कॉलेजात शिकते, मोबाइल धरून तिचे फोटो काढत होती.

“आत्या, माहीत आहे का, ही कॉफीच्या घराण्यातली आहे! हिच्या जातीच्या वेली जगभर आहेत, कुठे कुठे लोक पाला शिजवून खातातसुद्धा.”

“मंग कर न कॉफी,” आई ओसरीवरून म्हणाली, “तुह्या बापाले पाज अगोदर.”

वैष्णवी हसत आवरायला गेली. तिची आज मंगल कार्यालयात भुलाबाईची स्पर्धा होती. आता पोरी घरोघर फिरत नाहीत, एके ठिकाणी जमतात, माईकवर गाणी होतात आणि खिरापतीचं पाकीट मिळतं, वर पदार्थाचं नाव छापलेलं. ओळखायचं काय त्यात? म्हणजे संध्याकाळी आमच्या ओसरीवर पोरी नव्हत्याच. मातीच्या भुलाबाईपुढे आम्ही चौघी बायका, बस्स.

सुप्रियानं, म्हणजे माझ्या भावजयीनं, चहा देता देता गाऱ्हाणं सांगितलं. आई हल्ली प्रत्येक भाजीला नाव ठेवते, चव नाही, हिंग नाही, फोडणी नाही. “घालतो हो ताई, त्यायच्या डोळ्यापुढं घालतो. परवा दूध करपलं, त्या चुलीपाशीच बसल्या होत्या, मले म्हणाल्या नाई की उतरव. मी बोलली तं म्हणते, तूच मुद्दाम करून राह्यली.” मी म्हटलं चालायचंच, सासू-सून आहात. कोरोनाचा ताप येऊन गेल्यापासून आईची जेवणावरची वासना गेली आहे हे मला ठाऊक होतं. वय झालं असं मीही म्हणत आले होते. त्यापुढे विचार केला नव्हता.

ऊन उतरल्यावर आईनं मला फडकं दिलं. तेच, बाबांच्या धोतराचं. तिची बोटं आता वळत नाहीत, पाला चोळण्याइतकी ताकद त्यांत उरलेली नाही.

“जा. चांगला चोळ. कोपऱ्याकोपऱ्याले लाव.”

मी कुंपणाशी गेले. आमच्या कुंपणावर घाणवेलीशेजारीच वालाची वेल आहे, दोघी एकमेकींत गुंतलेल्या. आणि तिथे माझं ठरलं. मी वालाचा पाला तोडला आणि तो चोळला. फडकं हिरवं झालं, वास काही नाही, असला तर नुसता पाल्याचा. मनात म्हटलं, आता आई खवळेल, खवळू दे. भांडण करीन, पण आज मावशींना जिंकू देईन. पुण्याला जाताना एवढं तरी बरोबर नेऊ दे त्यांना.

मी फडकं आईपुढे धरलं आणि कंबर कसून उभी राहिले.

आईनं ते हातात घेतलं. दोन्ही हातांनी नाकाशी नेलं, डोळे मिटून लांब श्वास घेतला. मग तोंड वाकडं केलं.

“अगगग! काय घाण हाय!” ती खूष होऊन म्हणाली. “हं. आता झालं. बांध.”

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती थट्टा करत नव्हती. करपलेलं दूध, हिंग नसलेली भाजी, सगळं माझ्या डोक्यात एकदम जागेवर बसलं. आईला वास येत नव्हता. आज नाही, कितीतरी दिवस. आणि ती ते कोणाला कळू देत नव्हती, अगदी घाणवेलीलासुद्धा नाही. भांडायची माझी सगळी तयारी तशीच राहिली. सांगायचं तरी काय? की माय, मी तुला फसवलं आणि तुला कळलं नाही? मी मुकाट्यानं डबा बांधला. फडकं बदलावं, खरा पाला लावावा, असंही मनात आलं. पण आई डबा मांडीवर घेऊन बसली ती उठलीच नाही.

दिवेलागणीला मावशी आल्या. सुप्रियानं त्यांना हात धरून ओसरी चढवली. चांदणं पडलं होतं, आटीव दूध झालं होतं. गाणी म्हटली आम्ही. दोघींचे आवाज चिरलेले, तरी एकमेकींच्या पुढे जायची घाई तशीच. मधे कुठली ओळ कोणती यावरून भांडण झालं, ते मावशींनी जिंकलं. मग आईनं डबा पुढे सरकवला.

“घे व कस्तुरा. पाहून घे एकदाची.”

सुप्रिया वाकली, तिनं वास घेतला आणि आश्चर्यानं तोंड उघडलं. “आई, आज तं वास...” मी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की ती पुढचं गिळून बसली.

मावशींनी डबा उचलला, कानाशी हलवला. लाडू ठासून भरलेले, हललेच नाहीत. मग त्यांनी फडक्याला नाक लावलं. मी बघत होते. त्यांच्या नाकपुड्या हलल्या आणि चेहरा एकदम सैल झाला. त्यांना कळलं. फडक्यातून तुपात परतलेल्या मेथीचा वास सरळ येत होता, माझ्यासारखीलाही येत होता. एवढ्या वर्षांनी तो शब्द त्यांच्या जिभेच्या शेंड्यावर आला होता. मी मनात म्हटलं, म्हणा मावशी, म्हणून टाका.

मावशींनी मान वर केली आणि आईकडे बघितलं. आई पुढे झुकून बसली होती, पोरीसारखी, डोळे लकाकत होते.

“काय व? येऊन राह्यला का वास?” आईनं विचारलं.

मावशींनी फडक्याकडे बघितलं, हिरव्या डागावरून बोट फिरवलं. मग त्यांनी डबा झटकन लांब केला आणि पदर नाकाला लावला.

“अव माय माय माय! काय घाण हाय व प्रयागे! या साली तं हद केली तुनं! मळमळून राह्यलं मले!”

आईनं टाळी वाजवली.

“मंग? सांग नाव!”

“नाव काय सांगू कपाळ? नाक जळालं माहं.” मावशींनी पदराआडून विचार केल्यासारखं केलं. “मुरमुऱ्याचा चिवडा असन.”

“हरली!” आई ओरडली. तिच्या अंगात एवढा आवाज शिल्लक आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. “हरली व कस्तुरा, हरली! मुरमुरे म्हणते! एवढा जड डबा, अन् मुरमुरे!”

सुप्रिया माझ्याकडे बघत होती, मी जमिनीकडे. आईनं मला गाठ सोडायला लावली, झाकण काढलं आणि एक लाडू मावशींच्या हातावर ठेवला. ती एकदम शांत झाली. “गुडघ्याले बरे असतात,” ती म्हणाली. “सारे घेऊन जा. तिकडं कोण करून देईन तुले?”

मावशींनी लाडू फोडला नाही. तसाच नाकाशी धरला, बराच वेळ. मग अर्धा मोडून आईच्या तोंडात घातला. आईनं चावला आणि म्हणाली, “चांगला झाला.” तिला नुसता गोडवा आणि कडूपणा लागला असेल, वास नाही. मावशींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आई म्हणत होती, “पाहा, पाल्यानं अजून डोळे झोंबून राह्यले हिचे.”

सकाळी विनोदची गाडी आली. बायको पुढे बसलेली, मागे गाठोडी आणि मावशींची खुर्ची. विनोद सामान लावत होता तेव्हा मावशींनी मला कुंपणाशी बोलावलं. त्या वेलीशी उभ्या होत्या.

“वालाचा पाला व्हता ना तो?”

मी मान खाली घातली. “हो.”

“अन् मेथी तं तू फाटकातून आली तवाच समजली मले. पिशवी लपवते!”

“मंग मावशी, काहून नाई सांगतलं तुमी? मी तुमच्यासाठीच केलं ते. एकदा तरी जिंकल्या असत्या.”

मावशी माझ्यावर चिडल्या. खरंच चिडल्या. “जिंकून काय करू? पुण्याले नेऊ ते? तिनं विचारलं मले, वास येऊन राह्यला का. तवाच समजलं. मी मेथी म्हटली असती तं तिले कळलं असतं का फडक्याले वासच नोता. मंग तिचं नाक गेलं हे साऱ्यायले उघडं पडलं असतं. माह्या जाण्याच्या दिवशी?” त्या थांबल्या, पदरानं तोंड पुसलं. “सुनेले सांगजो, चुलीपाशी दूध ठेवून जात नोको जाऊ. अन् गॅसकडं ध्यान देजो म्हणा. पण प्रयागेले नोको सांगू. मी आली का पुढच्या कोजागिरीले, खरा पाला चोळजो. समजलं?”

“समजलं,” मी म्हटलं. मला रडू आवरत नव्हतं. मी दोघींनाही ओळखलं नव्हतं आणि स्वतःला शहाणी समजत होते.

मावशींनी वेलीचा एक हातभर तुकडा तोडला, पदराच्या टोकात गुंडाळला आणि गाडीत जाऊन बसल्या. तिथे कुंपणाला लावणार, म्हणाल्या. पुण्याकडच्या त्या इमारतीत कुठलं आलं कुंपण, पण कोण बोलणार? आई काठी टेकत फाटकाशी आली. मावशींनी काचेतून हात बाहेर काढला, आईनं तो जरा वेळ धरला. गाडी निघाली तेव्हा मात्र आईला राहवलं नाही.

“हरली व कस्तुरा!” ती ओरडली, पण आवाज मधेच फुटला.

गाडी वळणावरच्या बाभळीपर्यंत गेली आणि थांबली. एक दार उघडलं, मग दुसरं, मग सगळी. विनोद खाली उतरला, आधी चपलेचा तळ बघितला, मग चाकांखाली वाकून बघितलं. त्याची बायको ओढणीनं नाक दाबून शेतात जाऊन उभी राहिली आणि हातवारे करून त्याला काहीतरी बोलत होती. तो छातीवर हात ठेवून शपथा घेत होता. मागच्या काचेत मावशी सरळ बसलेल्या दिसत होत्या, त्यांनीही पदर नाकाला लावला होता. मला एकदम बाबांची एसटी आठवली.

“काय झालं व?” आईनं विचारलं. तिला इतक्या लांबचं दिसत नव्हतं. “काहून थांबली गाडी?”

“पाला चुरगळला वाटते मावशीच्या पदरात,” मी म्हटलं. “वास सुटला गाडीत. विनोद अन् त्याची बायको भांडून राह्यले.”

आई हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, मी पाठ चोळली, तरी ती हसतच होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मग ती थांबली, काठीवर भार देऊन जरा उंच झाली, बाभळीच्या दिशेला तोंड केलं आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला.

“हो व,” ती म्हणाली. “इतवर येऊन राह्यला.”

वारा उलट्या दिशेचा होता. मला काहीच वास येत नव्हता.

“हो माय,” मी म्हटलं, आणि पदर नाकाला लावला.